शेतातला मोठा बेडूक : ओळखा आणि राखा



आज मी कुठल्या खताबद्दल किंवा नव्या बियाण्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते तुमच्या शेतात बाराही महिने मुक्कामाला असणाऱ्या, पण चारच महिने नजरेला पडणाऱ्या एका प्राण्याबद्दल.

मृगाचा पहिला जोरकस पाऊस आठवा. दुपारपर्यंत जमीन तापलेली असते, ढेकळं दगडासारखी, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. संध्याकाळी आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो, आणि त्याच रात्री खाचरातून, ओढ्याकाठच्या डबक्यातून डराव-डराव असा गजर सुरू होतो की घरात बोललेलं ऐकू येऊ नये. सकाळी जाऊन पाहावं तर डबक्यात पिवळेधमक बेडूक, एकेक असा की तळहातात मावायचा नाही. कालपर्यंत तर इथे पाण्याचा थेंब नव्हता. मग हे आले कुठून?

कोणी म्हणतं पावसाबरोबर आभाळातून पडले. कोणी म्हणतं नदीकडून चालत आले. मंडळी, खरं उत्तर आपल्या पायाखाली आहे. ते आभाळातून पडलेले नाहीत आणि नदीवरूनही आलेले नाहीत. ते आपल्याच बांधाच्या पोटातून, आपल्याच मातीतून वर आले. सगळा उन्हाळा ते तिथेच होते.

ओळख

आपल्याकडे बेडकांच्या जाती पुष्कळ आहेत. त्यांतला हा सर्वांत मोठ्यांपैकी एक. तोंडापासून बुडापर्यंत साडेसहा इंचांपर्यंत भरतो, आणि पाय लांबवले तर त्याहून कितीतरी मोठा दिसतो. इंग्रजीत याला बुलफ्रॉग म्हणजे बैलबेडूक म्हणतात, कारण त्याचा आवाज भारदस्त. बैल होण्यासाठी अंग फुगवणाऱ्या बेडकाची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. हा मात्र अंग फुगवत नाही, फुगवतो तो गळा. शास्त्रज्ञ याला होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस म्हणतात. नाव लांबलचक आहे, ते लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

एरवी याचा रंग शेवाळी किंवा मातकट, अंगावर काळपट ठिपके, आणि पुष्कळदा पाठीच्या मधोमध नाकापासून खालपर्यंत एक फिकट रेघ. पाठीवर उभ्या सुरकुत्यांसारख्या घड्या असतात. पिवळाधमक होतो तो फक्त नर, आणि तोही जोडीच्या दिवसांत. त्या वेळी गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात, त्यांतून तो आवाज निघतो. मादी नराहून मोठी, रंगाने साधी, आणि गजर करणारी नव्हे. जोडीचे दिवस सरले की नराचा पिवळा रंग उतरतो आणि तो पुन्हा मातकट होतो. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की पिवळा बेडूक वेगळा आणि मातकट वेगळा. तसं नाही. तो एकच.

मातीतला उन्हाळा

बेडकाची कातडी आपल्यासारखी नाही. ती पातळ आणि ओलसर असते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने शोषून घेतो. श्वास फुप्फुसांनी घेतो, तसा कातडीनेही घेतो. म्हणून कोरडं ऊन त्याला सोसत नाही. उघड्यावर राहिला तर काही तासांत वाळून मरेल.

पाऊस संपला, खाचरं वाळली, की तो जागा शोधू लागतो. बांधाचा पायथा, तळ्याचा काठ, ओढ्याची दरड, दगडाखालची भुसभुशीत माती, चिखल वाळून पडलेली भेग, अशी ओल धरून ठेवणारी जागा. तिथे तो मागच्या पायांनी माती उकरत, बुडाकडून मागे सरकत खाली जातो. टाचेजवळ एक कठीण गाठ असते, ती या कामी येते. याचाच एक जाड अंगाचा भाऊबंद आपल्या देशात आहे, त्याची ही गाठ तर फावड्याच्या पात्यासारखी असते. वरची माती ढासळून अंगावर पडते आणि दार आपोआप बंद होतं.

आत गेल्यावर तो हालचाल थांबवतो. काळजाचे ठोके मंद होतात, श्वास अगदी थोडा पुरतो. पावसाळ्यात खाऊन पोटात साठवलेली चरबी आणि मूत्राशयात साठवलेलं पाणी, यांवर तो पुढचा पाऊस येईपर्यंत तग धरतो. आपण कणगीत धान्य भरून उन्हाळा काढतो, तसंच हे. फरक इतकाच, की त्याची कणगी त्याच्या पोटात असते. पावसाळ्यात पोटभर मिळालं नाही तर कणगी रिकामी, आणि असा बेडूक मातीतून पुन्हा वर येईलच असं नाही.

पहिल्या पावसाचे थोडके दिवस

पावसाची ओल खाली झिरपली की तो वर येतो. आणि आता त्याला घाई असते. कारण अंडी घालायची ती मोठ्या तळ्यात नव्हे, तर नव्याने भरलेल्या उथळ डबक्यात, खाचरात, चरात. मोठ्या तळ्यात मासे असतात, ते अंडी आणि पिल्लं खाऊन टाकतात. नव्या डबक्यात मासे नसतात. पण डबकं वाळूही शकतं. म्हणून सगळा खेळ वेळेचा.

नर एका ठिकाणी गोळा होतात, ओरडतात, एकमेकांना ढकलतात. माद्या येतात, जोड्या जमतात, आणि एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. एका गावातली बहुतेक अंडी पहिल्या जोरदार पावसानंतरच्या थोड्याच रात्रींत घातली जातात. आपल्याला पेरणीचा वाफसा जसा दोन-चार दिवसांचा, तसा त्याचाही. तो चुकला की वर्षाचं नुकसान.

अंड्यांतून एक-दोन दिवसांत शेपटीवाली पिल्लं निघतात. पुस्तकांत त्यांना भैकेर म्हणतात. या जातीची पिल्लं मोठी आणि खादाड. डासांच्या अळ्या खातात, दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात, प्रसंगी आपल्याच भावंडांनाही सोडत नाहीत. सुमारे महिना-दीड महिन्यात पाय फुटतात, शेपटी जिरते, आणि बोटाच्या पेराएवढी बेडकं काठावर उड्या मारू लागतात. हजारो अंड्यांतून मोठे होतात ते मोजकेच. बाकीचे बगळे, साप, पाणकिडे यांच्या पोटात जातात. म्हणून अंडी इतकी लागतात.

खातो काय?

बेडूक हलतं तेच खातो. आणि या बेडकाचं तोंड मोठं, म्हणून घासही मोठा. नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, अळ्या, पतंग हे तर आलेच. भातशेती करणाऱ्यांच्या कामाची गोष्ट म्हणजे तो बांध पोखरणारे लहान खेकडेही खातो. हाती लागलं तर उंदराचं पिल्लूही गिळतो. शेतात हा सगळा धंदा तो रात्री करतो, आपण झोपेत असताना.

पण बंधूंनो, खोटी आशा दाखवणं बरं नव्हे. बेडूक असला म्हणजे किडीची चिंता मिटली, असं मी म्हणणार नाही. खोडात शिरलेली अळी त्याच्या हाती लागत नाही. तुडतुड्यांची मोठी लाट आली तर ती एकटा बेडूक थोपवू शकत नाही. शिवाय मित्रकीड कोणती आणि शत्रुकीड कोणती, हे तो विचारत नाही. गांडूळही खातो, लहान बेडूकही खातो. मत्स्यबीज सोडलेल्या तळ्यात शिरला तर बोटुकलीही गिळतो. तेव्हा मत्स्यबीजाच्या तळ्याभोवती बारीक जाळी लावा.

तरीसुद्धा हिशेब त्याच्याच बाजूने पडतो. तो रोज रात्री थोडी थोडी कीड कमी करतो. त्याला मजुरी नाही, पंप नाही, औषधाची बाटली नाही. बगळा, कोळी, चतुर, घुबड आणि हा बेडूक, अशी सगळी मंडळी शेतात असली की कीड एकदम उसळी मारत नाही.

पोत्याची गोष्ट

आता एक गोष्ट माझ्या घरातली सांगतो. १९८० च्या सुमाराची. मी तेव्हा शाळकरी पोर. त्या काळी बेडकांच्या तंगड्या परदेशात जात, तिकडच्या हॉटेलांत त्यांना मोठी मागणी होती. पहिल्या पावसात आमच्या गावात एक दलाल यायचा आणि डझनावर पैसे द्यायचा. आम्ही पोरं बत्ती घेऊन रात्री खाचरात शिरायचो. बत्तीचा उजेड डोळ्यांत गेला की बेडूक जागचा हलत नाही, नुसता उचलायचा आणि पोत्यात टाकायचा.

एका रात्री मी अर्धं पोतं भरून आणलं. आबांना वाटलं असेल शाबासकी द्यावी, असा माझा समज. आबांनी पोतं उचलून बघितलं, तर खालून काळ्या ठिपक्यांचा बुळबुळीत गर गळत होता. ते म्हणाले, "अरे, ही अंडी आहेत. बियाणं विकून आलास की रे तू."

मी म्हणालो, "आबा, सगळेच धरतात की."

ते इतकंच बोलले, "सगळ्यांनी बियाणं विकलं तर पुढच्या साली पेरायचं काय?"

दलाल सकाळी आला आणि पोतं घेऊन गेला. पैसे मला मिळाले. आबांनी मला मारलं नाही. पण काही वर्षांनी पहिल्या पावसाच्या रात्री आम्ही ओसरीवर बसलो होतो आणि खाचरातून दोन-चारच आवाज आले. आबा काही बोलले नाहीत, आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही. एकट्या माझ्या पोत्याने ते झालं नव्हतं. पण माझं पोतं त्यात होतं.

मोठा हिशेब असा. १९८१ साली आपल्या देशातून चार हजार टनांहून जास्त बेडकांच्या तंगड्या बाहेर गेल्या. एका बेडकाच्या दोन तंगड्या शंभर ग्रॅमच्या धरल्या, तरी चार हजार टनांना चार कोटी बेडूक होतात. आणि हे बहुतेक मारले गेले ते पावसात, म्हणजे ऐन जोडीच्या दिवसांत. याच्याविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला त्यांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली हे एक होते. शेतातला किडे खाणारा प्राणी विकायचा आणि कीड मारायला औषध विकत घ्यायचं, हा कसला व्यापार, असा त्यांच्यासारख्या मंडळींचा सवाल होता. १९८५ साली ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आली. १९८७ साली भारत सरकारने तंगड्यांची निर्यात बंद केली. परदेशी मागणी दुसऱ्या देशांकडे वळली, पण आपली खाचरं थोडी मोकळी झाली.

निर्यात थांबली तरी चोरून पकडणं पुरतं थांबलेलं नाही. गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या भागात पहिल्या पावसात हा बेडूक खाण्यासाठी धरतात, आणि तिथलं वनखातं धरणाऱ्यांवर कारवाईही करतं. कायद्याची भीती बाजूला ठेवली, तरी आबांचा सवाल अजून उभाच आहे.

समज आणि गैरसमज

बेडूक हातात घेतला की चामखीळ येते, असं म्हणतात. हे खरं नाही. हात मात्र धुवावेत, आणि बेडूक धरायचाच झाला तर हात ओले करून धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या कातडीला इजा होते.

बेडूक असले की साप येतात, हे काही अंशी खरं आहे. साप बेडूक खातात. म्हणून बेडूक शेतात राहू दे, पण घराच्या दारात त्याची गर्दी नको. अंगणात रात्रभर दिवा लावला की किडे येतात, किड्यांमागे बेडूक, बेडकांमागे साप. नको तेव्हा दिवा बंद ठेवा, आणि रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी आणि पायात बूट असू द्या.

पाऊस लांबला की काही भागांत धोंडी काढतात आणि बेडूक मुसळाला बांधून गावभर फिरवतात. रिवाजाला मी नावं ठेवत नाही. पण पावसाची वाट तोही बघतो आहे. उन्हात बांधलेला बेडूक तासा-दोन तासांत मरतो. बेडूक मातीचा करा. पावसाला मागणं घालायचं आणि त्याच्याच सोबत्याला मारायचं, हे काही जुळत नाही.

आणखी एक. हा बेडूक चांगला म्हणून दुसरीकडे नेऊन सोडू नका. अंदमान बेटांवर तो मुळात नव्हता. या शतकात तो तिथे पोचला, मत्स्यबीजाबरोबर गेला असावा असं तज्ज्ञ मानतात. आता तो तिथले छोटे मासे, सरडे, बेडूक खातो आणि कोंबड्यांची पिल्लंही पळवतो. जो आपल्या घरी राखणदार, तो परक्या घरी चोर ठरला. ज्याची जागा जिथे, तो तिथेच बरा.

आपण काय करावं?

१. शेताच्या कडेला एखादा तरी बांध किंवा ओढ्याचा काठ न खणता, न पेटवता राहू द्या. उन्हाळी नांगरट जरूर करा, हुमणी आणि कोष उघडे पडतात. पण बांधाच्या पायथ्याला फाळ लावू नका. नांगराबरोबर बेडूक वर आलाच, तर ओलसर सावलीत, मऊ मातीत ठेवून वरून पाला टाका.

२. पहिल्या पावसानंतर जिथे बेडकांचा गजर झाला, ते डबकं नीट बघून ठेवा. पिकाला धोका नसेल तर ते महिना-दीड महिना बुजवू नका, चर काढून रिकामं करू नका. घराजवळचं साचलेलं घाण पाणी मात्र काढून टाका. तिथे डास होतात.

३. फवारणी करायचीच तर आधी कीड मोजा. नुकसानीच्या पातळीखाली असेल तर थांबा. फवारायचं ठरलं, तर डबक्याच्या आणि चराच्या काठाची पट्टी सोडा. पंप आणि डबे तिथे धुऊ नका. बेडकाची कातडी पाणी पिते, तसं औषधही पिते. काही तणनाशकांत पानाला चिकटण्यासाठी साबणासारखा पदार्थ घातलेला असतो, तो पाण्यातल्या पिल्लांना फार मारक ठरतो.

४. प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं आणि सरळ भिंतींची विहीर हे बेडकाचे सापळे आहेत. आत पडला की वर चढता येत नाही, आणि मेला की पाणी नासतं. एका कडेला काथ्याचं जाळं, जुनं गोणपाट किंवा जाड दोर पाण्यापर्यंत सोडून पक्कं बांधा. मुंगूस, सरडा, कोंबडीचं पिल्लू, सगळ्यांना त्याचा उपयोग होईल.

५. पावसाच्या पहिल्या रात्री रस्त्यावरून ट्रॅक्टर, मोटरसायकल सावकाश चालवा. बेडूक उजेडात थबकतो, बाजूला होत नाही.

६. मुलांना बत्ती देऊन बेडूक धरायला पाठवू नका. बत्ती देऊन बघायला जरूर पाठवा. किती आवाज आले, कोणत्या डबक्यातून आले, कोणत्या तारखेला आले, ते वहीत लिहून ठेवायला सांगा. चार-पाच वर्षांची वही झाली की आपल्या शिवाराची तब्येत तिच्यातून कळेल.

बंधूंनो आणि भगिनींनो, आमच्या खाचरात आवाज पुन्हा वाढायला बरीच वर्षं लागली. आबा तोवर राहिले नाहीत. आता पहिल्या पावसाच्या रात्री माझी नात कानांवर हात ठेवते आणि म्हणते, "आजोबा, यांना गप्प करा ना." मी तिला सांगतो, "बाळ, ओरडू दे. हे गप्प झाले होते, ते दिवस मी पाहिलेत."

यंदा पाऊस पडेल तेव्हा तुम्हीही घटकाभर दारात उभे राहून ऐका. आवाज भरपूर आले तर बियाणं शाबूत आहे असं समजा. कमी आले तर आपला बांध, आपलं डबकं आणि आपला पंप, या तिन्हींकडे एकदा नीट बघा.

नमस्कार.